घरातला धाक आणि मोकळीक : तुमचे अनुभव लिहा

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली मुलं वाढवण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या: नुसत्या हुकमाची, सगळं खपवून घेणारी, आणि नियम ठेवतानाच कारण सांगणारी. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी जोडली, मुलाकडे लक्षच नसलेली. खरी घरं अशी एका खणात बसत नाहीत. आमच्याकडे आई समजवायची, बाबा नुसते डोळे वटारायचे आणि आजी हळूच खाऊ द्यायची. मला विचारायचंय ते एवढंच: काही हरवलं, फुटलं, नापास झालात, तर घरी कुणाला सांगता यायचं का? प्रसंग लिहा. ‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?’ एवढ्यावर थांबू नका.

जिल्हा परिषद शिक्षिका, नाशिक :
शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही मनाई केली. तरी दर जूनमध्ये एखादे वडील येतातच, “बाई, दोन ठेवून द्या, आमची तक्रार नाही.” घरी मार खाणारं मूल बहुतेक वेळा लवकर कळतं. मी फळा पुसायला नुसता हात वर केला तरी त्याचं कोपर गालावर येतं. अशी मुलं दंगेखोरच असतात असं नाही, पुष्कळदा फार गुणी असतात. पण गणित अडलं तर विचारत नाहीत, शेजारच्याचं बघून उतरवतात. येत नाही हे सांगायचीच भीती, तर शिकणार कुठून?

कोल्हापूर :
माझे वडील एसटीत कंडक्टर. फार कडक. दिवेलागणीच्या आत घरात म्हणजे घरात. पण कारण सांगितलेलं होतं: ओढ्याकडच्या वाटेला उजेड नव्हता आणि पावसाळ्यात घोणस निघायची. वाटेवर दिवे आले त्या वर्षी त्यांनी आपण होऊन वेळ वाढवून दिली. तिकिटांच्या हिशेबात कमी पडलं तर खिशातून भरत, आणि तेही आम्हाला सांगत. अकरावीत नापास झालो तेव्हा सगळ्यात आधी त्यांनाच सांगितलं, डेपोत जाऊन.

बीड, सध्या पुण्यात :
त्या चौथ्या खणाबद्दल. दिवाळी झाली की आईबाप मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यातच परत. मी आजीपाशी. शाळेत माहिती भरायला आलेल्या एका बाईंनी माझ्यासमोर ‘पालकांचं दुर्लक्ष’ असं लिहिलं, ते अजून डाचतं. आई पहाटेपासून फडात, मोळ्या डोक्यावर, रात्री-अपरात्री गाडी भरायची. तरी मुकादमाच्या मोबाइलवरून फोन यायचा, “आज काय लिवलं? वाचून दाखीव.” मी धडा वाचायचो. तिला अक्षरओळख नव्हती, पण अडखळलो की बरोबर ओळखायची, “परत वाच.” लक्ष नव्हतं असं कसं म्हणू? हाताशी नव्हती, हे खरं. ताप आला की ते फार जाणवायचं. धाकट्या बहिणीला सोबत नेलं, तिची शाळाच सुटली. हे काही आईबापाच्या वळणाने सुटणारं नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठीची गावातली हंगामी वसतिगृहं वेळेवर उघडली पाहिजेत.

ठाणे :
आम्हाला कधी कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. मैत्रिणींना हेवा वाटायचा. दहावीनंतर कुठली शाखा घेऊ विचारलं, तर “तुला हवी ती घे.” तेव्हा कुणीतरी समोर बसून बोलायला हवं होतं.

गोटेबर्ग, स्वीडन :
इथे १९७९ पासून घरातही मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे, असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश. सासूबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, “मग ऐकायला लावता कसं?” प्रश्न रास्त होता. टीव्हीची वेळ आधी ठरवतो, पाच मिनिटं राहिली की सांगतो, वेळ झाली की बंद. मुलगा रडला तर रडू देतो, जवळ बसून राहतो. ओरडण्यापेक्षा याला वेळ लागतो, दोघंही कामावरून दमून आलो असलो की फारच. बीडकर, तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं?

बीड, सध्या पुण्यात :
१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली. आता तिची मुलगी दुसरीत आहे. शाळा चालू असताना बहीण तोडीला जात नाही, घरच्यांशी भांडून गावातच राहते.