मदत हवी आहे: आतड्यातील मॅक्रोफेजचा उगम आणि त्यांचा टिकाऊपणा वेगवेगळा कसा तपासावा?

नमस्कार. मी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. विभागातील चर्चासत्रासाठी मी आतड्यातील मॅक्रोफेज, म्हणजे जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या उगमाचा विषय घेतला आहे. वाचताना एका ठिकाणी अडले आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारते.

मॅक्रोफेज रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून, म्हणजे अखेर अस्थिमज्जेतून येतात, हे मत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होते. २०१० साली मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील मॅक्रोफेज, भ्रूणाच्या पीतककोशातून (योक सॅक) येतात असे उंदरांत दिसले आणि इतर अवयवांचीही नव्याने तपासणी सुरू झाली. आतडे मात्र अपवाद ठरले. ग्लासगो येथील ॲलन मोवॅट यांच्या गटाने २०१४ साली दाखवले, की नवजात उंदराच्या आतड्यात भ्रूणकाळातील मॅक्रोफेज असतात, त्यांचे विभाजनही होते, पण दूध सुटण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात, मोनोसाइट त्यांची जागा घेतात आणि पुढे आयुष्यभर ही भरती चालू राहते. सीसीआर२ हा ग्राही नसलेल्या उंदरांत मोनोसाइट अस्थिमज्जेतून नीट बाहेर पडत नाहीत आणि त्यांच्या आतड्यात मॅक्रोफेज कमी आढळतात, हा त्यातला मला सर्वांत पटलेला पुरावा आहे.

२०१८ साली या चित्रात मोठी भर पडली. मँचेस्टर येथील जॉन ग्रेंजर यांच्या गटाने टिम-४ आणि सीडी४ या पेशीपृष्ठावरील दोन प्रथिनांच्या खुणांवरून मॅक्रोफेजचे तीन गट पाडले. दोन्ही खुणा असलेल्या पेशींत मोनोसाइटची भरती जवळजवळ दिसत नाही, फक्त सीडी४ असलेल्यांत ती सावकाश होते आणि दोन्ही नसलेल्यांत वेगाने. त्याच वर्षी बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील गटाने चेतापेशी, रक्तवाहिन्या आणि पॅनेथ पेशी (आतड्याच्या अस्तरातील जंतुनाशक द्रव्ये स्रवणाऱ्या पेशी) यांच्या निकट दीर्घकाळ राहणारे मॅक्रोफेज दाखवले. ते नष्ट केल्यावर आतड्यातील चेतापेशी घटल्या, रक्तवाहिन्या पाझरू लागल्या आणि आतड्याची हालचाल मंदावली. मोजक्या पेशींवर इतके काही अवलंबून असावे, हे वाचून मी या विषयात पुरती गुंतले.

माझी अडचण इथेच आहे. ल्यूव्हेनच्या गटाने स्पष्ट लिहिले आहे, की या टिकाऊ पेशी भ्रूणातील पूर्वपेशी आणि प्रौढ अस्थिमज्जेतील मोनोसाइट या दोन्हींपासून तयार होतात. म्हणजे ‘स्वतःच स्वतःची संख्या राखणारी पेशी’ आणि ‘भ्रूणकाळातली पेशी’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. तरीही अनेक आढावा लेखांत टिम-४ ही भ्रूणीय उगमाचीच खूण असल्यासारखी वापरली जाते. यकृतात कुप्फर पेशी, म्हणजे तेथील मॅक्रोफेज, मुद्दाम नष्ट केल्यावर त्यांच्या जागी आलेल्या मोनोसाइटजन्य पेशींवरही कालांतराने टिम-४ येते, हे घेंट येथील गटाने २०१६ साली दाखवले आहे. मग आतड्यातही ही खूण पेशी कोठून आली हे न सांगता ती तेथे किती काळ राहिली एवढेच सांगत असेल का?

दुसरा प्रश्न पद्धतीचा आहे. प्रौढ उंदराला टॅमॉक्सिफेन (जनुकीय चिन्हांकन सुरू करणारे औषध) देऊन सीएक्स३सीआर१ हा मॅक्रोफेजवरील ग्राही असलेल्या पेशी रंगखुणेने चिन्हांकित केल्या, तर त्या किती काळ टिकतात ते कळते, उगम कळत नाही. उगमासाठी चिन्हांकन गर्भावस्थेतच व्हायला हवे. पण पीतककोशातील पूर्वपेशी आणि पुढे यकृतातून येणारे गर्भकाळातील मोनोसाइट यांतील अंतर उंदरात जेमतेम काही दिवसांचे असते. इतक्या अरुंद खिडकीत चिन्हांकन अपुरे राहिले, तर प्रौढ आतड्यात अल्प प्रमाणात दिसणारी रंगखूण कितपत ग्राह्य धरावी? स्नायूस्तर आणि श्लेष्मल त्वचेचा अंतःस्तर वेगवेगळे सोलून मोजणे पुरेसे आहे का, की दोन उंदरांचे रक्ताभिसरण जोडण्याचा प्रयोग सोबत हवाच?

असे उंदीर प्रत्यक्ष हाताळलेल्या किंवा या विषयात काम केलेल्या कोणी टॅमॉक्सिफेन देण्याचा दिवस कसा ठरवतात आणि मायक्रोग्लियातील चिन्हांकनाशी तुलना करून आतड्यातील आकडे कसे सुधारून घेतात, हे सविस्तर सांगितले तर फार मदत होईल. मराठीत उत्तर मिळाले तर उत्तम, पण मूळ शोधनिबंधाचे नाव सुचवले तरी मी वाचून पुढचे प्रश्न येथेच विचारीन.