निरामय आणि पाच टक्क्यांचा निधी

ताई, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी तुम्ही मदत विचारलीत आणि बहुतेकांनी संजय गांधी निराधार योजना सुचवली. ती घ्याच, पण निरामय आरोग्य विमाही काढून ठेवा. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि मुख्य म्हणजे थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. घराला खरा खड्डा पडतो तो तिथेच, दर आठवड्याच्या फिजिओथेरपीत. पैसे आधी आपण भरायचे असतात, म्हणून प्रत्येक पावती जपा.

दुसरं, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत लेखी अर्ज करून विचारा, की स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी कुठे खर्च झाला. हक्काचा पैसा आहे, संकोच नको.

नोकरी असेल तर आयकरात दिव्यांग अवलंबिताच्या खर्चासाठीची 80डीडी ही वजावट आहेच (जुन्या करप्रणालीत).

आणि सांभाळणाऱ्या आईचं काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. पालक संघटनांनी तो आता नेटाने मागायला हवा.