माशाच्या तोंडातला हिरवा दांडा

पाणकाठ
काल आपल्या गटात दुर्बिणवाल्याने बोत्स्वानातल्या ओकाव्हँगो नदीवरच्या मत्स्यगरुडाचे पाच फोटो टाकले. खाली ओळ होती, ‘तीन दिवस वाट पाहिली, शेवटी जंगलाने दान दिलं.’ सगळ्यांनी भरभरून वाहवा केली. मी तिसरा फोटो मोठा करून पाहिला. पंजातल्या माशाच्या तोंडातून बोटभर हिरवा दांडा बाहेर आलाय. तो पॅपिरस या पाणवनस्पतीचा तुकडा. तिथल्या शाकावे गावाकडचे नावाडी मेलेल्या माशात तो कोंबतात, म्हणजे मासा बुडत नाही. मग नावाडी शीळ घालतो, गरुड फांदीवरून मान वळवतो, मासा पाण्यात पडतो, आणि बोटीतले सगळे कॅमेरे त्या जागेवर आधीच रोखलेले असतात. मीही त्या बोटीत बसलोय, म्हणून सांगतोय. हे दान जंगलाचं नव्हे, नावाड्याचं. फोटो जरूर काढा, पण खाली लिहा की मासा टाकला होता. नाहीतर उद्या एखादा नवखा पोरगा खरोखर तीन दिवस काठावर बसेल आणि आपल्यालाच काही जमत नाही म्हणून कॅमेरा विकून टाकेल.

दुर्बिणवाला
तीन दिवस खरेच आहेत. पहिले दोन दिवस सोसाट्याचा वारा होता, गरुड जागचा हललाही नाही. मासा टाकला, हो, टाकला. पक्षी काही पिंजऱ्यातला नाही. हा गरुड तसाही बगळ्यांच्या, खंड्यांच्या तोंडचा घास हिसकावतो. आयतं उचलणं त्याच्या रक्तातच आहे. १/२५०० शटरवर, अंगावर येणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरून दाखवा, मग मला शिकवा.

पाणकाठ
बगळ्याचा मासा हिसकावणं वेगळं आणि शिटीवर येणं वेगळं. गेटवेहून मांडव्याला जाताना वेफर्ससाठी बोटीमागे लागणारे कुरव बघा. आम्ही लहानपणी त्यांनाच जंगली पक्षी समजायचो.

जोबर्गकर
अकरा वर्षं दक्षिण आफ्रिकेत राहतोय. त्या नावाड्याचं घर त्या माशावर चालतं, त्याला बोल लावू नका. खरा त्रास इकडे क्रूगर अभयारण्यात आहे. स्कुकुझा कॅम्पजवळचं लेक पॅनिकचं हाइड, म्हणजे लपून पक्षी बघायची खोली. पुढच्या फळीवर ६०० मिमीच्या लांबलचक लेन्सवाले पहाटे ठाण मांडतात, उठले तर लेन्स टेकवायची बीनबॅग ठेवून जातात, जागा त्यांचीच. डिसेंबरात आईला घेऊन गेलो होतो. वय ७४. चाळीस मिनिटं मागे उभी. समोर कमळपक्ष्याचा बाप पिल्लं पंखाखाली उचलून पानांवरून चालला होता, पिल्लांचे लांबलांब पाय खाली लोंबत होते, त्यालाच सात-आठ पाय फुटल्यासारखे. आईने ते दोन टोप्यांच्या फटीतून पाहिलं. आयुष्यात एकदाच आली ती इथे.

भल्या_पहाटे
मी त्या फळीवर बसणाऱ्यांपैकी. डिसेंबरात कॅम्पचं फाटक साडेचारला उघडतं, मी चारपासून गाडीत असतो. नऊला न्याहारी करून येणाऱ्यांनी जागा का मागावी? शिवाय आल्यावर फोन काय, चिवड्याच्या पिशव्या काय! समोरच्या काटकीवर कवड्या खंड्या बसलेला असतो, एक पिशवी चुरचुरली की तो गेला. आणि दरवेळी ती पिशवी आपल्याच लोकांची.

जोबर्गकर
माझ्या आईच्या हातात पिशवी नव्हती. तोंड सांभाळून बोला. हाइड सगळ्यांचं आहे, तुमच्या लेन्सच्या किमतीने फळी विकत मिळत नाही.

भल्या_पहाटे
लेन्सची किंमत मी काढलीच नाही. आठ वर्षं कर्ज फेडलंय तिचं, तुम्ही ती काढू नका.

आभाळवाट
बाकड्यावरून भांडताय? २०१९ मध्ये बोत्स्वानात ५३७ गिधाडं एका वेळी विषाने मेली. मे २०२५ मध्ये क्रूगरमध्ये १२३. चोरटे शिकारी मारलेल्या हत्तीच्या मढ्यातच विष घालतात, कारण आभाळात गिधाडं घिरट्या घालू लागली की वनरक्षकांना जागा कळते. गिधाडाचा फोटो टाकला की इथे तीन लोक बघतात. नीलपंख टाकला की तीनशे.

पाणकाठ
तुमचं दुखणं खरं आहे. वेगळा धागा काढा, मी येतो. पण इथे प्रश्न एका ओळीचा होता आणि त्याला अजून उत्तर आलेलं नाही.

दुर्बिणवाला
ओळ बदलली. ‘मासा नावाड्याने टाकलेला’ असं लिहिलंय. तुमचं सगळं पटलं असं नाही. बोटीत बसणं गैर आहे हे मी अजून मानत नाही. पण तो दांडा आता मला दर वेळी आधी दिसतो, गरुड नंतर. वॉलपेपर होता, काढला.

पाणकाठ
एवढंच हवं होतं. डोळ्यावरचा फोकस अचूक आहे, तेही कालच म्हणायला हवं होतं.

भल्या_पहाटे
जोबर्गकर, आईंसाठी मी उठलो असतो. पाठीमागे कोण उभं आहे ते दिसत नाही, कुणीतरी सांगायला हवं ना.

जोबर्गकर
सांगितलं होतं. दोनदा.