गणपतीत व्याख्यानं ठेवायची तर प्रश्नांना वेळ ठेवा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी, गणपतीचे कार्यक्रम ठरवायचेत. ऑर्केस्ट्रा एक दिवस पक्का आहे, बाकी तीन संध्याकाळी काय करायचं ते सांगा. रविवारी मीटिंग.

बी-203: तिन्ही दिवस व्याख्यानं ठेवा. विषय आजचे, आणि वक्ता त्या विषयातला पक्का जाणकार.

सी-102: काकू व्याख्यानाला येतं कोण? मागच्या वर्षी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या 🙏

बी-203: रिकाम्या का झाल्या ते पण सांग नं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, मग वक्त्यांचा दोन पानी परिचय, यातच पाऊण तास गेला, बायका उठून स्वयंपाकाला गेल्या, आणि वक्त्याचं भाषण संपलं आणि लोकांनी हात वर केले तर आभारप्रदर्शन सुरू झालं. लोकांना ऐकायचं नसतं असं मी मानणारच नाही. नानी पालखीवाला, मोठे कायदेपंडित, त्यांचं बजेटवरचं भाषण 1958 ला मुंबईत ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये सुरू झालं आणि पुढे गर्दी मावेना म्हणून ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये न्यावं लागलं. विषय टॅक्सचा! पण आपल्या खिशाचं काय होणार ते माणूस समजावून सांगत होता म्हणून लोक येत होते.

ए-401: सहमत. माझा विषय एफडीचे व्याजदर. पेन्शनवाल्यांचं घर त्यावर चालतं, बँकेत विचारलं की वरून आलंय म्हणतात.

बी-203: हेच भाऊ. वरून म्हणजे रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ठरवते, महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, 2 ते 6 च्या मध्ये ठेवायचं बंधन आहे, ही पद्धत 2016 पासूनची. रेपो खाली आला की लोनवाला खुश आणि एफडीवाला कोरडा. आपल्या बिल्डिंगमध्ये दोघं आहेत, एकाच घरात बाप एफडीवाला आणि मुलगा होम लोनवाला असंही आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोलवू आणि दोघांना समोर बसवू.

डी-305: अर्थशास्त्र ठीक, राजकारण नको. ग्रुपवर आधीच भांडणं होतात.

बी-203: दादा भांडणं अर्धवट माहितीवर होतात. लोकसभेच्या जागांचंच बघा. आपल्या मध्य प्रदेशच्या 29, महाराष्ट्राच्या 48, हे वाटप 1971 च्या जनगणनेवर झालेलं. 1976 ला घटनादुरुस्ती करून ते गोठवलं आणि नंतर 84 व्या दुरुस्तीने 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मुदत वाढवली. नव्या लोकसंख्येवर वाटप केलं तर लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्या राज्यांनी जागा का गमवाव्या हा प्रश्न खरा आहे, आणि एका मताची किंमत सगळीकडे सारखी असावी हाही खराच आहे. घटनेचा अभ्यासक बोलवला तर दोन्ही बाजू कळतील. फक्त वक्ता कुठल्या पक्षाचा पदाधिकारी असेल तर पत्रिकेतच छापायचं.

डी-305: हे चालेल. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमध्ये पक्षांची नावं नकोत तेवढं बघा.

ई-104: तिसरा दिवस पाण्याला द्या प्लीज. मुलांना वाटतं पाणी टाकीतून येतं.

बी-203: ताई एकदम बरोबर. नर्मदाकाठच्या जलूदहून, साधारण 70 किलोमीटरवरून नर्मदा वर चढवून आणतात इंदूरला, 1978 पासून. आणि ती सहज नाही आली, 1970 ला लोकांनी आंदोलन केलं त्यात इथल्या अभ्यास मंडळ या संस्थेची माणसं होती, तेच मंडळ जे दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला घेतं. ऐकणारी, प्रश्न विचारणारी माणसं गावात होती म्हणून नळाला नर्मदा आली असं मला मनापासून वाटतं. पंपिंगच्या विजेचा खर्च, लीकेज, बोअरिंग, या सगळ्यावर रिटायर्ड वॉटर इंजिनिअर बोलला तर पोरं पण बसतील.

सेक्रेटरी: काकू सत्कार पूर्ण काढता येणार नाही, देणगीदार आहेत.

बी-203: काढू नका, आरतीनंतर करा दहा मिनिटांत. 8 ते 8.45 भाषण, पुढे पाऊण तास फक्त प्रश्न, आणि पहिले दोन प्रश्न कॉलेजच्या मुलांचे. माईक फिरता पाहिजे.

सी-102: ठीक, माईक आणि चिठ्ठ्या माझ्याकडे. पोहे?

बी-203: पोहे शेवटी. सगळ्यांनी आपले प्रश्न मला बुधवारपर्यंत पाठवा, टाइप करून वक्त्यांना आधीच देते म्हणजे ते आकडे बघून येतील. ए-401 भाऊ तुमचा पहिला लिहिलाय.