मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूसोबत सोशिओलॉजी करता येतं का? ऑफिसमधले नाही म्हणतात

रानमोगरी
नमस्कार, प्लीज लवकर सांगा, फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे. मला सोशल वर्क (एमएसडब्ल्यू) आणि सोशिओलॉजी म्हणजे समाजशास्त्र दोन्ही सोबत करायचंय. ऑफिसमधले म्हणतात एकावेळी दोन डिग्र्या चालत नाहीत, नंतर कळलं तर दोन्ही रद्द होतील. मैत्रीण म्हणते चालतं. खरं काय? तीन दिवस झाले फॉर्म अर्धवट भरून ठेवलाय, भीतीने पुढे जात नाहीये. कोणी केलंय का असं?

सायकलवाली
अगं एमएसडब्ल्यूचं कितवं वर्ष? दुसरा फॉर्म कुठला, रेग्युलर की डिस्टन्स? हे माहीत नसताना काय सांगणार.

खडूफळा
ज्युनिअर कॉलेजला शिकवायचा विचार असेल तर एमएसोबत बीएड लागेल, नुसत्या एमएवर शिक्षक होता येत नाही. माझ्या पुतणीने एमए केलं आणि मग बीएडसाठी परत दोन वर्षं घालवली. सरळ बीएडचं बघ.

रानमोगरी
काका शिकवायचं नाहीये मला. सॉरी, लिहायचं राहिलं. एमएसडब्ल्यू पहिलं वर्ष, रेग्युलर, बीड जिल्ह्यात. दुसरा फॉर्म इग्नू या मुक्त विद्यापीठाचा, डिस्टन्स, एमए सोशिओलॉजी.

कोकणकडा
त्यापेक्षा टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयत्न कर. १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेली संस्था आहे, देशातलं सोशल वर्कचं पहिलं कॉलेज. तुमच्याकडे तुळजापूरला कॅम्पस आहे त्यांचा. तिथे सोशल वर्क आणि समाजशास्त्र वेगळं काढावंच लागत नाही. मी तिथलाच आहे म्हणून सांगतोय.

सायकलवाली
तिची ॲडमिशन झालीये हो, पहिलं वर्ष चालू आहे. शुक्रवारी फॉर्म बंद होतोय, टिसचं आत्ता काय करणार ती.

वॉर्डनंबर७
मी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात आहे. अनुभवाने सांगते, एकच धर आणि त्यात खोल जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कोण हे लिहून ठेवलंय, सोशल वर्कमधलं पीजी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. एमए सोशिओलॉजीला तिथे काही किंमत नाही. पेशंटची आई रात्री अकरा वाजता समोर रडत असते तेव्हा थिअरी कामाला येत नाही.

बांधावरून
ताई, तुमच्या विभागापुरतं बरोबर आहे पण सगळीकडे तसं नाही. बाल कल्याण समितीचं बघा, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सदस्यासाठी ज्या डिग्र्या दिल्यात त्यात सोशल वर्क आहे आणि सोशिओलॉजीपण आहे. आणि थिअरी कामाला येत नाही हे मला अजिबात पटत नाही. मी पंधरा वर्षं गावांत काम करतोय, थिअरी नसलेले कार्यकर्ते लोकांना उपदेश करत बसतात.

वॉर्डनंबर७
उपदेश मीही करत नाही दादा. ट्रेनिंग महत्त्वाचं एवढंच म्हणणं आहे.

रानमोगरी
मला हे का करायचंय ते सांगते म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. आमचं फिल्डवर्क आठवड्यातून दोन दिवस असतं. दिवाळीनंतर एका वस्तीवर गेले तर आठवीतली एक मुलगी शाळेत येणं बंद झालेली. मी घरी गेले, आईशी तासभर बोलले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं 'पालकांचे समुपदेशन केले'. मॅडमनी बरोबरची खूण केली. पुढच्या आठवड्यात गेले तर घराला कुलूप. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली होती, कोयत्याला म्हणजे ऊसतोडीला जाणं भागच होतं, धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी सोबत नेली. त्या आईला शाळेचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी समुपदेशन कशाचं केलं? रात्रभर झोप नाही आली. जमीन कोणाकडे आहे, उचल का घ्यावी लागते, पोरगीच का न्यायची, हे मला नीट शिकायचंय आणि कामही सोडायचं नाहीये. म्हणून दोन्ही.

बांधावरून
शाब्बास पोरी. त्या मुलीचं अजून करता येईल. गावात आजी किंवा कोणी नातेवाईक असेल तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी कर, मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून ती असतात. त्या हेडमास्तरांना भेटच.

सायकलवाली
आता ऐक. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२२ मध्ये दोन डिग्र्या एकावेळी करायला परवानगी दिली. दोन्ही रेग्युलर असतील तर वर्गाच्या वेळा एकावर एक यायला नकोत. एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स तर चालतंच, फक्त डिस्टन्सवाला कोर्स मान्यता असलेला हवा. पीएचडीला हे लागू नाही. पण युनिव्हर्सिटीने त्यासाठी आपली पद्धत ठरवायची असंही त्यात आहे, म्हणून तुमच्या युनिव्हर्सिटीचं परिपत्रक निघालंय का ते बघ आणि ऑफिसकडून नकार लेखी माग. तोंडी उत्तरावर घाबरू नकोस. मी स्वतः एमएसडब्ल्यू करताना इग्नूचं एमए केलं.

रानमोगरी
ताई खरंच?? परीक्षा एकत्र नाही आल्या का?

सायकलवाली
आल्या ना. इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरला, माझी सेमिस्टरही तेव्हाच. पहिल्या डिसेंबरला दोन पेपर एकाच दिवशी आले, इग्नूचा सोडला आणि पुढच्या जूनला दिला. एमएला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात म्हणून काही अडलं नाही. पण असाइनमेंट वेळेत दे. ब्लॉक प्लेसमेंटला (सलग पूर्णवेळ फिल्डवर्क) गेलीस की संध्याकाळी हातात पेन धरवत नाही, त्याच्या आधीच लिहून टाक. आणि फॉर्मला डीईबी आयडी (यूजीसीच्या डिस्टन्स विभागाचा विद्यार्थी नंबर) लागतो, तो काढलास का?

खडूफळा
बीएड नंतरही करता येईल, तेही लक्षात असू दे.

कोकणकडा
स्कॉलरशिप घेतेस का? दोन्हीकडे अर्ज करू नकोस, आधी समाजकल्याणच्या ऑफिसात विचार.

रानमोगरी
हो एमएसडब्ल्यूला आहे, इकडे नाही करणार. डीईबी आयडीचं माहीतच नव्हतं, म्हणूनच फॉर्म तिथे अडकत होता! काढते आत्ता. दादा, हेडमास्तरांकडे सोमवारी जाते, त्या मुलीची आजी गावातच आहे.

सायकलवाली
एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) आधी काढ, त्याशिवाय डीईबी निघत नाही. अडलं तर इथेच लिही, मी जागी आहे.