मदत हवी आहे: आईचे सांधे, ऑर्थो की रुमॅटॉलॉजिस्ट?

सांजवारा: आईचे सांधे चार महिने दुखतायत, पेनकिलर घेतली की तेवढ्यापुरतं बरं, बंद केली की परत तेच. आरए फॅक्टर (वाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून ऑर्थो म्हणाले वात नाही, वयाचं दुखणं आहे. तरी रुमॅटॉलॉजिस्टला दाखवू का? ते नक्की काय बघतात? प्लीज लवकर सांगा, तिच्याकडे बघवत नाही.

चौकस: कुठले सांधे? सूज आहे? वय? सकाळी किती वेळ आखडलेलं राहतं? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

मुशाफिर: आधी यूरिक अ‍ॅसिड बघा. माझा पायाचा अंगठा एका रात्रीत टम्म फुगला, चादर लागली तरी कळ जायची, गाऊट निघाला, म्हणजे यूरिक अ‍ॅसिड साठून होणारा वात.

निवांत: गुडघा बदलायला घाबरू नका, सासूबाई आता छान चालतात.

चौकस: गुडघ्याचं विचारलंय कोणी? आणि गाऊट बहुतेक वेळा अचानक एखादाच सांधा पकडतो.

मुशाफिर: बहुतेक म्हणजे नेहमी नाही. आणि गाऊटही रुमॅटॉलॉजिस्टच बघतात.

सांजवारा: सॉरी, घाईत लिहिलं. वय ५२. दोन्ही हातांच्या बोटांची मुळाकडची आणि मधली पेरं, मनगटं पण. अंगठी साबण लावूनही निघेना. सकाळी दीड तास मूठच वळत नाही, टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडते.

पारिजातक: मग थांबू नका, रुमॅटॉलॉजिस्टच. मला ९ वर्षं आमवात (आरए) आहे आणि माझाही आरए फॅक्टर निगेटिव्हच होता, अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्ततपासणीत सापडला. कधीकधी तीही निगेटिव्ह येते, म्हणून ते एकेक पेर दाबून बघतात. हे डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तिला औषधांनी आवरतात. आमवात, ल्युपस (यात त्वचा, किडनीवरही परिणाम होऊ शकतो), अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा वात) सगळं त्यांच्याकडेच. उशीर झाला आणि हाड झिजलं तर ते परत भरून येत नाही हो. मेथोट्रेक्सेट (आमवाताची गोळी) दिली तर ती आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, कॅलेंडरवर वार लिहूनच ठेवा. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.

रातराणी: माझी कंबर पहाटे आखडते, चाललं की सुटते, वय २८. मी पण दाखवू?

पारिजातक: हो, जरूर दाखवा. पण वेगळा धागा काढा, इथे आईंचं चाललंय.

सांजवारा: अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळतेय. तोवर पेनकिलर चालू ठेवू?

चौकस: ते ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. बीपी, किडनीचं काही आहे का? आणि क्लिनिकला फोन करून दीड तास मूठ वळत नाही हे सांगा, कदाचित लवकर बोलावतील. सकाळी सूज असतानाचे फोटो काढून ठेवा, दुपारी गेलात तर ती कदाचित तेवढी दिसणार नाही.

सांजवारा: बीपीची गोळी चालू आहे, तेही सांगायचं राहिलं. दोघांनाही आत्ताच फोन लावते.