शब्दचर्चा : ‘ऊर्जाचक्र’ की ‘ऊर्जाप्रवाह’?

प्रश्न (रावेर) : परिसंस्थेवरील उत्तरात माझ्या एका विद्यार्थिनीने ‘ऊर्जाचक्र’ असा शब्द लिहिला. मी तो खोडला, तेव्हा तिने विचारले की, जलचक्र आणि नायट्रोजनचक्र चालते, तर ऊर्जाचक्र का चालत नाही? हा शब्द केवळ अरूढ आहे की अर्थानेच चुकीचा आहे?

उत्तर (चोपडा) : अर्थानेच चुकीचा आहे. निघाले तेथे परत येते, त्याला आपण चक्र म्हणतो. केळीचा घड उतरवल्यावर खोड तोडून बागेतच टाकले, की ते कुजते आणि त्यातील पालाश (पोटॅशियम) मातीत उतरून पिलबागेच्या, म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलांपासून घेतलेल्या पुढच्या पिकाच्या, उपयोगी पडते. हे चक्र झाले. त्याच खोडात साठलेली ऊर्जा मात्र परत येत नाही. थंडीत पहाटे उकिरडा फावड्याने उकरला, की आतून वाफ निघते आणि हाताला चांगलीच ऊब लागते. ही ऊब म्हणजे कधीतरी पानाने पकडलेले ऊन असून, सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून ते उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत असते. खत शेतात जाते, ऊब हवेत जाते, आणि हवेत गेलेल्या उबेवर कोणतेही पान अन्न तयार करू शकत नाही. पानाला रोज नवे ऊनच लागते. म्हणून शब्द ‘ऊर्जाप्रवाह’.

शंका (धुळे) : ‘प्रवाह’ शब्दही मला पुरता पटत नाही, कारण त्यातून जेवढे निघाले तेवढेच पुढे पोचते असा समज होतो.

उत्तर (चोपडा) : तसा समज गिरणेच्या पाटावरील शेतकऱ्याचा तरी होणार नाही, टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, किती पाणी पोचते, हे त्याला ठाऊक असते. रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातील सीडर बॉग तलावाचा अभ्यास करून 1942 मध्ये पोषण पातळ्यांमधील (अन्नसाखळीच्या पायऱ्यांमधील) ऊर्जेचा हिशेब मांडला, आणि त्यातून पुढे 10 टक्क्यांचा ढोबळ नियम रूढ झाला. वनस्पतींमध्ये 1000 एकके ऊर्जा साठली असेल, तर शाकाहारी प्राण्यांच्या शरीरात सुमारे 100 आणि त्यांना खाणाऱ्यांच्या शरीरात सुमारे 10 उरतात. प्रत्यक्षात हे प्रमाण परिसंस्थेनुसार बरेच कमीजास्त होते. मात्र पाटाची उपमा येथेच सोडावी, कारण पाझरलेले पाणी शेजारच्या विहिरीत तरी सापडते, उष्णता होऊन गेलेली ऊर्जा तशी सापडत नाही. त्यामुळे ‘गळती’ हा शब्द मी टाळतो. ‘नाश’ तर नकोच, कारण ऊर्जा नाश पावत नाही, केवळ रूप बदलते. ‘व्यय’ बरा.

प्रश्नकर्ता (रावेर) : ‘ऊर्जाचक्र’ हा शब्द खोडलेलाच ठेवला. मात्र आकृती पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अन्नसाखळीत अर्ध्या वर्गाने बाण उलटे, सरड्याकडून नाकतोड्याकडे काढले होते.

उत्तर (चोपडा) : तो दोष ‘खातो’ या क्रियापदाचा आहे. ‘सरडा नाकतोडा खातो’ या वाक्यात कर्ता सरडा असल्यामुळे हात आपोआप तिकडून निघतो. ‘नाकतोड्यातील ऊर्जा सरड्याला मिळते’ असे वाक्य आधी लिहून घ्यावे आणि मग आकृती काढायला सांगावी.